मालकाचं कुलूप

आमच्या घराण्यात भाडेकरूला दर अकरा महिन्यांनी घराबाहेर काढायची पद्धत आहे. कायमचं नाही, एका रात्रीपुरतं. करार संपला की त्याने सगळं सामान, अगदी मोरीतल्या बादलीसकट, खाली अंगणात आणून ठेवायचं आणि रात्रीपुरतं कुणा नातेवाइकाकडे जायचं. मग वरच्या दाराला आमचं कुलूप लागतं. संध्याकाळी आम्ही चटई आणि जेवणाचा डबा घेऊन वर जातो, तिथेच झोपतो, सकाळी आमच्या शेगडीवर दूध उतू घालतो आणि खाली येतो. त्यानंतर भाडेकरूला नवा करार आणि तीच जुनी खोली मिळते. गल्लीतले लोक हसतात. हसू देत. त्यांच्या बापजाद्यांनी जमिनी कसल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना ताबा म्हणजे काय ते ठाऊक नाही.

आमच्या आजोबांना ठाऊक होतं. अंबरनाथच्या या बाजूला तेव्हा सगळी भातशेती होती, आणि ती आमची नव्हती. ती एका सावकाराची होती आणि आजोबा त्याचे कूळ. पुढे कुळकायदा आला, कसणाऱ्याची जमीन झाली, आणि सावकाराच्या हातात कागद राहिले. म्हणजे दुसऱ्याच्या जागेत चिकाटीने राहिलं की काय होतं, याचा अनुभव आम्ही भोगला नाही, उपभोगला. म्हणून तर कुळाची धास्ती आमच्याइतकी कोणालाच नसेल. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, आमच्या वाट्याला हे एक मजली घर उरलं. वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या ठरल्या तेव्हा वडिलांनी मला समोर बसवून सांगितलं, "घर आपला, कुलूप बी आपला. वर्साची एक रात तरी आपला कुलूप लागलाच पायजे. नायतर बसशील बोंबलत त्या सावकारासारा."

मी पाळत आलो. माझ्या बायकोला मात्र या पद्धतीत कायदा कधी दिसलाच नाही. तिच्यासाठी ती सहल होती. खालच्या घरातून आम्हाला समोरच्या इमारतीची पाठ आणि तिचे गळके पाइप दिसतात. वरच्या खिडकीतून मलंगगड दिसतो. ती दुपारपासूनच तयारीला लागायची. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटाची चटणी, आणि चहाचं सामान वेगळ्या पिशवीत. वर गेलं की खिडकीशी बसायची आणि म्हणायची, "स्वतःच्याच घरात पाहुणं म्हणून यायला काय बरं वाटतं ओ." सकाळी दूध उतू गेलं की मी म्हणायचो, झालं, ताबा घेतला. ती म्हणायची, आता पुढच्या खेपेला गडावर चंद्र असेल अशी रात्र धरा. करार असा चंद्र बघून संपत नाही, हे मी तिला दरवेळी समजावून सांगायचो.

ती गेली. आजाराचं सांगत बसत नाही. मुलगा पुण्याला असतो, बोलावतो, पण त्याच्या घरी मी सोफ्यावर हात गुडघ्यावर ठेवून बसतो आणि परतीच्या दिवसाची वाट बघतो. तेव्हाच्या भाडेकरूंनीही त्याच सुमाराला बदलापूरला स्वतःचा फ्लॅट घेतला. वर कोणी नाही, खाली मी. भांडं पडलं तर ते माझ्याच हातून पडलेलं असायचं, दार वाजलं तर ते मीच लावलेलं असायचं. असं किती दिवस चालतं ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळतं.

मग एक सिंधी गृहस्थ आले. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, पांढरा लेंगा-सदरा, हातात एक पिशवी. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये त्यांचं घर होतं, खाली कापडाचं दुकान. दुकान विकलेलं, बायको वारलेली, एकुलती मुलगी इंदूरला दिलेली. शेजारच्या इमारतीचा स्लॅब कोसळला, तेव्हा पालिकेच्या माणसांनी यांचीही इमारत धोकादायक म्हणून रिकामी करायला लावली. तासाभरात हाताला येईल ते घेऊन निघा, म्हणाले. यांच्या हाताला कुकर, बायकोचा फोटो, दोन रजया आणि तिची शिवणाची पेटी आली. बाकीचं आत राहिलं, आणि इमारतीला पत्रे ठोकले. तिथे नवी इमारत होणार आहे असं ते पहिल्याच दिवशी मला म्हणाले. "तोपर्यंत तुमच्याकडे राहतो, साईं." सगळ्यांनाच ते आदराने साईं म्हणायचे.

मी मालक म्हणून काटेकोर आहे, हे माझे शत्रूही कबूल करतील. करार नोंदवणं ही मालकाची जबाबदारी असते, भाडेकरूच्या गळ्यात ती मारायची नसते. पोलीस चौकीत माहिती मीच दिली. भाड्याची पावती दर महिन्याला, न मागता. आमच्या गल्लीत मालक लोक भांडण झालं की पाण्याचा नळ वरून बंद करतात. तो गुन्हा आहे, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. भिंतीला ओल आली तर मालकाने बघायची. आणि भाडेकरू राहत असताना आपलं घर असलं तरी न सांगता आत पाऊल टाकायचं नाही. जास्तीची चावी माझ्याकडे खिळ्याला असते, ती मी कधी हातात घेतली नाही.

ओल बघायला म्हणून मी पहिल्यांदा वर गेलो. आदल्या दिवशी रीतसर विचारून. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, गॅसवर पापड भाजला, तो ताटलीत ठेवून वर पाण्याचा ग्लास दिला. मी म्हटलं, मी पाहुणा नाही, मालक आहे. ते म्हणाले, "मालक पण दरवाज्यातून येतो ना? आला तर पापड खाणार." त्यानंतर रोज दिवेलागणीला वरून भाजलेल्या पापडाचा वास यायचा आणि जिन्यातून हाक यायची, "साईं, पापड." मी वर जायचो. कधी ते खाली पायरीवर येऊन बसायचे. बोलणं फार नसायचं. ते कॅम्प तीनला जाऊन पत्रे बघून आलेले असायचे. शेअर रिक्षात कोण भेटलं ते सांगायचे, मी पाण्याच्या टाकीचं सांगायचो.

खरं सांगायचं तर बोलण्याचं मला फार नव्हतंच. मला त्यांचे आवाज पुरेसे होते. सकाळी खोकला, मग चपला ओढत मोरीकडे, मग नळ. दुपारी खुर्ची सरकायची. वर कोणी खुर्ची सरकवतं आहे एवढ्यावर मी माझी दुपार काढत होतो, आणि ते मी तेव्हा कोणापाशी कबूल केलं नसतं.

करार संपत आला तेव्हा मी स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथे बसून करार करून देणारी एक बाई आहे. बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र आणि लॅपटॉप घेऊन घरी येते, जागेवर नोंदणी करते. तिने विचारलं, "काका, परत अकराच महिने? सरळ तीन वर्षांचा करून टाका ना. लिव्ह अँड लायसन्स आहे तो. त्यात कुळ-बिळ काय नाय होत. करार रजिस्टर आहे ना, मग टेन्शन कसलं?"

"आणि ताबा?" मी विचारलं.

"ताबा कायद्याने तुमचाच असतो. ते काका फक्त वापरतात. तुमचं ते कुलूप-बिलूप सगळं राहू दे. वकिलाला विचारा पाहिजे तर."

मी वकिलाला विचारलं. त्यानेही तेच सांगितलं, वर फीही घेतली नाही, म्हणजे गोष्ट किती साधी असेल बघा. इतकी वर्षं आम्ही लोकांना बादल्या उचलायला लावत होतो ते शेतजमिनीच्या कायद्याच्या भीतीने, आणि तो कायदा आमच्या जिन्याची पायरीही चढत नव्हता. वडील असते तर म्हणाले असते, वकील विकला गेला. मला तो पटला. तरी मी पद्धत मोडायला तयार नव्हतो. त्याचं कारण कायदा नव्हता. ती एक रात्र आली की बायको पिशवी भरायची, आणि ती गेल्यानंतरची ही पहिलीच खेप होती. मला वर जाऊन खिडकीशी बसायचं होतं. हे मी वकिलाला कसं सांगणार?

म्हणून मी त्या गृहस्थांना सांगितलं. पापड खाता खाताच सांगितलं. सामान अंगणात ठेवू, वर ताडपत्री टाकू, एका रात्रीचा प्रश्न आहे.

त्यांनी ताटली बाजूला सरकवली आणि म्हणाले, "साईं, माझे बाबा कराचीहून आले तेव्हा एक ट्रंक घेऊन आले. इथं कॅम्पच्या बरॅकमध्ये ठेवली. मी माझं सामान त्या बिल्डिंगमधून काढलं, रस्त्यावर ठेवलं. लोक बघत होते. आता परत नाय काढणार. रूम सोडून देतो पाहिजे तर, पण एका रातसाठी बाहेर नाय ठेवणार."

ते रागावले नव्हते, ते जास्त वाईट. दुसऱ्या दिवशी पापडाचा वास आला पण हाक आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी वासही आला नाही. मी खाली बसून नळाचा आवाज ऐकायचो. हे निघून गेले तर, असा विचार आला. मालकाला भाडेकरू जायची भीती वाटावी हे आमच्या घराण्यात पहिल्यांदाच घडत होतं.

शेवटी मीच तोडगा काढला. सामान जिथल्या तिथे राहू दे. एक रात्र तुम्ही खाली माझ्या घरी झोपा, मी वर झोपतो. कुलूप लागलं, मालक राहिला, दूध उतू गेलं, पद्धत पाळली गेली. आणि तुमची एक वाटीही उंबऱ्याबाहेर गेली नाही. ते हसले. "तुम्ही पण सिंधीसारखा सौदा करता," म्हणाले आणि पापड भाजायला उठले. त्या संध्याकाळी मला फार बरं वाटलं.

करार संपला त्या दिवशी ते उशी आणि रजई घेऊन खाली आले. मी त्यांना गॅस, दिवे, मोरी दाखवली, चटई आणि डबा घेऊन वर गेलो, आणि आतून कडी लावून तिच्यावर आमचं कुलूप अडकवलं. भाकऱ्या मला जमत नाहीत, पोळ्या शेजारणीकडून आणल्या होत्या. खिडकीशी बसलो. मलंगगड होता. चंद्र नव्हता. बायकोची आठवण येईल म्हणून गेलो होतो आणि ती आलीही, पण खरी गंमत दुसरीच झाली. खालून आवाज येऊ लागले. माझ्या स्वयंपाकघरात कोणीतरी डबा उघडला. ग्लास ठेवला. खोकला. माझ्या घरात माणूस वावरत होता आणि तो माणूस मी नव्हतो. मी पोळी हातात धरून ऐकत बसलो. बायको असताना मी कधी असं वरच्या मजल्यावरून तिला ऐकलं नव्हतं. ऐकायला हवं होतं.

सकाळी दूध उतू घातलं आणि खाली आलो. त्यांनी चहा केला होता. दोन कप, शेल्फवरचे, माझा आणि बायकोचा. मी म्हटलं, झोप लागली ना? ते म्हणाले, लागली. त्यांचे डोळे तसं सांगत नव्हते, पण म्हाताऱ्या माणसाला परक्या जागी झोप लागत नाही, एवढाच अर्थ मी त्यातून काढला.

दुपारी बाई यंत्र घेऊन आली. या वेळी मी तिला तीन वर्षांचा करार करायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "काका, आता तरी सुधारलात." मी अंगठा टेकवला. यंत्राने तो दुसऱ्या खेपेला घेतला. मग तिने यंत्र त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी हात मांडीवरच ठेवला.

"बेटा, जरा रुको," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "साईं, काल तुमच्या घरात मला झोप नाय आली. दरवाज्यात बाईच्या चपला. शेल्फवर दोन कप. पलंगाची एक साइड खाली, रजई घडी करून ठेवलेली. मी बघितलं, हे घर कोणाची तरी वाट बघतं. वरती गेलो तर माझ्याकडे पण सेम. मी रोज पत्रे बघायला जातो. काय आहे तिथं? बिल्डिंग कधी होणार, मी कधी जाणार? एक म्हातारा खाली, एक वरती, दोघं पण वाट बघतात. कोण येणार?"

बाईने लॅपटॉप अर्धा मिटला.

"मुलगी बोलावते," ते म्हणाले. "आमच्यात मुलीच्या घरचं पाणी पण पीत नाय. म्हणून नाय बोललो इतके दिवस. सकाळी तिला फोन केला."

मला पुष्कळ बोलायचं होतं. तुम्ही वर आहात म्हणून मी दुपारी घरात थांबतो, हे सांगायचं होतं. जेवायला खाली येत जा, त्या चपला मी आज उचलून ठेवतो, हेही. पण माझ्या तोंडून आयुष्यभर कलमंच निघाली. मी म्हणालो, "म्हणजे सामान काढायला लागेल. तुम्ही तर म्हणाला होता, परत काढणार नाही."

"बाहेर ठेवायला नाय काढणार," ते म्हणाले. "घेऊन जायला काढणार."

मी बाईला यंत्र आवरायला सांगितलं.

जायच्या दिवशी सामान उतरवायला मीही हात लावला. कुकर, फोटो, शिवणाची पेटी, दोन रजया. अंगणात काही ठेवलं नाही, जिन्यावरून सरळ टेम्पोत. अनामत रक्कम टेम्पो सुरू व्हायच्या आधी त्यांच्या हातात दिली, मालकाने ती अडवून ठेवू नये. त्यांनी न मोजता खिशात घातली आणि माझा हात थोडा वेळ धरून ठेवला. "खिडकी चांगली आहे तुमची," म्हणाले. टेम्पो गल्लीच्या वळणावर एका रिक्षाला वाट द्यायला थांबला, तेव्हा मला वाटलं ते मागे बघतील. ते पुढे बसले होते, मागे बघायला जागाच नव्हती.

संध्याकाळी मी वर कुलूप लावलं. मग काढलं, आणि चटई, शेगडी, दूध घेऊन आत गेलो. या वेळी खोल्या रिकाम्या होत्या, अगदी वडिलांना हव्या होत्या तशा. भिंतीवर एक खिळा होता, फोटोचा. मी खिडकीशी बसलो आणि सवयीने खालचा कानोसा घेतला. खाली माझं घर होतं, दिवा मी चालू ठेवला होता, आणि आवाज कसलाच नव्हता. सकाळी दूध उतू गेलं. ते पुसायला मला बराच वेळ लागला, कारण मी तिथेच बसून रडलो, आणि मग ते वाळून चिकटलं.

चार दिवसांनी करारवाल्या बाईचा फोन आला. शहाडच्या कारखान्यात कामाला असलेलं एक जोडपं जागा शोधत होतं. तिने जागेचं विचारलं, पाण्याचं विचारलं, आणि तिच्या यादीप्रमाणे शेवटचा प्रश्न विचारला, "आणि काका, जागा रिकामी आहे ना? ताबा पूर्ण तुमच्याकडे?"

"हो," मी म्हणालो. "वरचा पण माझ्याकडेच आहे. आणि खालचा पण."